‘एकलकोंडा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

‘एकलकोंडा’ हा शब्द आपल्याकडं फार सहज तोंडात येतो. मिरजेपासून वाळव्यापर्यंत आणि तिकडं पार साताऱ्यापर्यंत “पोरगं जरा एकलकोंडंच हाय” हे वाक्य कानावर पडतं. शाळेच्या नोंदीत, लग्नाच्या बायोडाटात, गुन्ह्याच्या बातमीत, एवढंच काय श्रद्धांजलीच्या मजकुरातही तो भेटतो, आणि पुष्कळदा चुकीच्या माणसाला लागलेला असतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कागद खराब होतो. हा शब्द चुकला तर एका माणसाबद्दल चारचौघांत खोटं मत तयार होतं, आणि ते मत त्याला स्वतःला खोडता येत नाही, कारण मुळात तो फारसा बोलतच नसतो. म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

आधी अर्थ पाहू. एकलकोंडा म्हणजे स्वभावानं माणसांची संगत टाळणारा. यात तीन गोष्टी गृहीत आहेत. संगत उपलब्ध आहे, ती तो स्वतः टाळतो, आणि हे एका दिवसाचं नाही, सवयीचं आहे. ‘एकला’ हे ‘एकटा’चं जुनं रूप ओव्यांत आणि बोलीत अजून आहे, पुढच्या ‘कोंडा’त मराठी कानाला ‘कोंडून घेणं’ ऐकू येतं. त्यामुळे शब्दात थोडी तक्रार आपोआप येते. एखाद्याचं कौतुक करताना कुणी त्याला एकलकोंडा म्हणत नाही. या तिन्हींतली एक गोष्ट जरी नसली, तरी दुसरा शब्द शोधायला हवा, आणि मराठीत तो बहुतेक वेळा तयार असतो.

एकट्याला एकलकोंडा म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक. विटा, खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. सोनं-चांदी गाळण्याचं काम घेऊन पोरं दूरच्या राज्यांत गेली, तिथंच स्थिरावली. गावात मोठं घर आणि त्यात एखादे आजोबा किंवा आजी. यात्रेला, लग्नकार्याला घर भरतं. एरवी ओसरीवर एकच माणूस. अशा आजोबांबद्दल “ते आता एकलकोंडे झालेत” असं म्हणणं हा अन्याय आहे. त्यांनी संगत टाळलेली नाही, संगत त्यांच्यापासून लांब गेली आहे. ते एकटे आहेत. ही झाली नुसती परिस्थिती. त्या एकटेपणाचा त्यांना त्रास होत असेल तर ते एकाकी आहेत. ही झाली मनाची अवस्था. एकलकोंडा हा स्वभाव आहे. आणि एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या इतक्या बोलघेवड्या असतात की दारावरून जाणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

हा फरक मराठीनं क्रियापदांत जपून ठेवला आहे. शंका आली की पुढची वाक्यं म्हणून पाहा.

“मला एकटं वाटतं” हे बरोबर. “मला एकलकोंडं वाटतं” असं कुणी म्हणत नाही. एकटेपणा वाटतो, जाणवतो, खायला उठतो. एकलकोंडेपणा दुसऱ्याला दिसतो.

“आज मी एकटाच आहे” हे बरोबर. “आज मी एकलकोंडा आहे” हे वाक्य उभं राहत नाही, कारण स्वभाव एका दिवसापुरता नसतो.

“बायको गेल्यावर तो एकटा पडला” किंवा “एकाकी पडला.” इथं ‘एकलकोंडा पडला’ होत नाही. माणूस एकलकोंडा होतो, बनतो, होत जातो; पडत मात्र नाही. ‘पडणं’ ही माणसावर येणारी गोष्ट आहे, म्हणून ते एकटेपणाबरोबर जातं.

‘एकाकी झुंज’ हेही असंच. सांगलीची स्मृती मानधना एका बाजूनं खेळत राहिली आणि समोरून विकेट पडत गेल्या, तर बातमीत ‘एकाकी झुंज’ येईल. तिथं ‘एकलकोंडी झुंज’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

जागेबद्दलही हेच. माळावरचं घर एकाकी असतं, आडबाजूचं असतं, वस्ती सोडून असतं. कवितेत एखाद्यानं डोंगराला एकलकोंडा म्हटलं तर ती त्याची मुभा. बातमीत किंवा अर्जात ‘एकलकोंडी जागा’ लिहू नये.

एकांत आवडणं म्हणजे माणसं नकोत, असं समजणं

‘एकांत’ हा मुळात जागेचा आणि वेळेचा शब्द आहे. म्हणून तो दोघांनाही मिळू शकतो: नवीन लग्न झालेल्या जोडप्याला एकांत हवा असतो, दोन मित्र एकांतात बोलतात. एकटेपणा असा दोघांत वाटून घेता येत नाही.

साताऱ्याला राहणाऱ्यांनी तर हा फरक विसरूच नये, कारण सज्जनगड समोर आहे. तिथं अखेरची वर्षं राहिलेल्या रामदासांनी दासबोधात “अखंड एकांत सेवावा, अभ्यासचि करीत जावा” असं सांगितलं, आणि त्याच ओवीचा शेवट “काळ सार्थकचि करावा, जनासहित” असा केला. पुढच्याच ओवीत उदंड समुदाय करायला सांगितलं आहे. एकांत आणि जन एकाच श्वासात येतात. एकांत घेऊन पुन्हा माणसांत येणारा माणूस एकांतप्रिय. त्याला एकलकोंडा म्हटलं की त्याच्या अभ्यासाचा, साधनेचा, लिहिण्याचा वेळ हा स्वभावदोष ठरतो. पहाटे एकटाच यवतेश्वराचा घाट चढणारा, रात्री दार लावून रियाज करणारा, स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दिवस काढणारा, यांच्यापैकी कुणालाही हा शब्द लावण्याआधी तो उरलेल्या वेळात काय करतो ते पाहावं.

‘अंतर्मुख’चंही इथंच सांगतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली आणि तेव्हापासून हा शब्द मानसशास्त्रात रुळला. अंतर्मुख माणसाला माणसं आवडतात. फार वेळ गर्दीत राहिलं की तो थकतो, एवढंच. शिवाय मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. “त्यांचं भाषण ऐकून सगळे अंतर्मुख झाले” म्हणजे सगळे स्वतःच्या आत डोकावून विचार करू लागले. सगळे एकलकोंडे झाले, असं नव्हे.

बुजऱ्या मुलावर शिक्का मारणं

इथं मी जास्त थांबणार आहे, कारण शब्दाची खरी किंमत इथं मोजली जाते.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाळवा, पलूस, कडेगाव, कराड भागात ऊसतोड टोळ्या येतात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या या कुटुंबांची पोरं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत राहतात, आणि जवळच्या शाळेत हंगामापुरती बसली तर बसतात. वर्ग नवा, बाई नव्या, बोलीतले हेल वेगळे, आणि मार्च-एप्रिलला पुन्हा निघायचंय हे मुलीला माहीत असतं. ती मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी राहते. वर्षाखेरीच्या वर्णनात्मक नोंदीत तिच्या नावापुढं ‘एकलकोंडा स्वभाव’ असं येतं.

जत तालुक्यात सीमेवरच्या गावांत कितीतरी घरी कन्नड बोलतात. तिथला मुलगा सांगलीच्या मराठी शाळेत आला की काही दिवस गप्पच असतो, कारण मनात वाक्य जुळवेपर्यंत बोलायची पाळी निघून गेलेली असते. त्याच्याही नोंदीत हाच शब्द.

या दोघांपैकी कुणीही एकलकोंडं नाही. यांना बुजरी म्हणतात. बुजणं हे जनावरांच्या जगातून आलेलं क्रियापद आहे. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेत नव्यानं आणलेलं खिल्लार खोंड गर्दी आणि आवाजानं बुजतं, कान टवकारतं, मागं सरतं. गोठ्यातल्या ओळखीच्या हाताखाली तेच शांत उभं राहतं. बुजरेपणा ओळख झाली की उतरतो. ‘बुजरं’ म्हटलं की पुढची जबाबदारी आपल्यावर येते, ओळख वाढवायची. ‘एकलकोंडं’ म्हटलं की जबाबदारी मुलावर जाते. शिक्षकानं हा शब्द जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं, ते यासाठी.

नोंद करायचीच असेल तर स्वभावाचं विशेषण टाळा, दिसलं ते लिहा.

चुकीची नोंद: “मुलगी एकलकोंडी आहे. इतरांत मिसळत नाही.”

उपयोगाची नोंद: “नव्या गटात बोलायला वेळ लागतो. ओळखीच्या दोघींबरोबर मोकळेपणानं खेळते. तोंडी हिशेब विचारला की स्वतःहून हात वर करते.”

दुसऱ्या नोंदीवरून पुढच्या शाळेतल्या बाईंना काय करायचं ते कळतं: तोंडी हिशेबापासून सुरुवात करावी, दोघींच्या गटात बसवावं. पहिल्या नोंदीवरून फक्त एक मत मिळतं.

वसतिगृहांनाही हे लागू आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं तेव्हापासून या जिल्ह्यानं खेड्यापाड्यांतून आलेली पोरं एका पंगतीत जेवताना पाहिली आहेत. घर पहिल्यांदाच सोडलेलं पोर सुरुवातीला कोपरा धरतं. त्याला घरची आठवण येत असते. पहिल्या महिन्यात कुणाच्याही स्वभावाबद्दल लेखी मत देऊ नये.

जो मोजकंच बोलतो तो मितभाषी. बोलायचं असूनही ज्याचं चारचौघांत तोंड उघडत नाही तो मुखदुर्बळ. फारसा बोलतच नाही तो अबोल. तिघंही माणसांत आनंदानं बसलेले असू शकतात. गप्पा रंगलेल्या असताना कडेला बसून ऐकण्यात सुख मानणारा एक तरी माणूस प्रत्येक पारावर असतोच.

इतरांनी टाकलेल्याला दोष देणं

संगत कोण टाळतंय, हे पाहिल्याशिवाय हा शब्द वापरू नये. एखादं कुटुंब कुणाच्या कार्याला जात नाही, कुणाशी बोलत नाही, असं दिसतं. चौकशी केली तर कळतं की त्यांना बोलावणंच नसतं. आंतरजातीय लग्नानंतर, जमिनीच्या भांडणानंतर, जातपंचायतीच्या निर्णयानंतर असं घडत आलं आहे. त्याला आपल्याकडं ‘वाळीत टाकणं’ म्हणतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम घेतली, आणि पुढे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आला. बहिष्कार टाकणं हा आता गुन्हा आहे. अशा घराला ‘एकलकोंडी माणसं’ म्हणणाऱ्याच्या हातून, नकळत का होईना, गुन्हा झाकला जातो.

निवृत्त होऊन गावी आलेल्या फौजींचं थोडं वेगळं आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी घरटी सैनिक असलेली गावं आहेत, तिथं लोकांना हे समजतं. इतर ठिकाणी समजतंच असं नाही. उमेदीची वर्षं सीमेवर काढून परतलेल्या माणसाच्या बरोबरीचे सगळे आपापल्या संसारात गुंतलेले असतात, गावचं राजकारण बदललेलं असतं, पारावरच्या गप्पांतले संदर्भ त्याला लागत नाहीत. तो तुटलेला आहे. ‘तुटलेपण’ हा चांगला शब्द आहे. पुन्हा जोडता येतं हे त्यात आलंच.

सारख्या आवाजाचे शब्द

‘एककल्ली’ आणि ‘एकलकोंडा’ यांची अदलाबदल लिहिताना वारंवार होते. एककल्ली म्हणजे एकच गोष्ट डोक्यात घेऊन चालणारा, दुसरी बाजू न पाहणारा. तो दिवसभर माणसांत असू शकतो, किंबहुना आपला एकच मुद्दा सांगायला त्याला माणसं लागतातच.

‘एकांडा’ हा लष्करी शब्द. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. त्यातला पथकाशिवाय एकटा आलेला तो एकांडा. म्हणून एकट्यानं लढा देणाऱ्याला ‘एकांडा शिलेदार’ म्हणतात, तेही मानानं. पाण्याच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं एकट्यानं अर्ज करणाऱ्या गावकऱ्याच्या सत्काराच्या फलकावर चुकून ‘एकलकोंडा शिलेदार’ छापलं गेलं, तर मानाचं उलटंच व्हायचं.

‘एकल’ हा आता सरकारी कागदांतला रूढ शब्द आहे. एकल महिला, एकल पालक. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित यांसारखे शब्द वेगवेगळे न लावता सन्मानानं सगळ्यांना सामावून घेण्यासाठी तो रुळला. त्याचा स्वभावाशी काहीही संबंध नाही.

‘अलिप्त’ माणूस एखाद्या वादापासून, व्यवहारापासून लांब असतो. भाऊबंदकीत अलिप्त राहिलेला काका दोन्ही घरी जेवायला जातो. ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’ हे त्याच जातीचं, आणि आपल्याकडं ते बहुधा कौतुकानंच म्हणतात.

रागाच्या भरात वापरणं

माणूसघाणा, तुसडा, घुमा, शिष्ट: हे चारही शब्द एकलकोंड्याच्या शेजारी ठेवले जातात, पण प्रत्येकाचा रोख निराळा. माणूसघाण्याला माणसांचा तिटकारा असतो. तुसडा अंगावर येतो, एका वाक्यात तोडून टाकतो. घुमा मनात ठेवून गप्प बसतो. शिष्ट स्वतःला वरचा समजतो. एकलकोंडा यातलं काहीच करत नाही. भेटलाच तर नीट बोलतो, फक्त भेटायला येत नाही. वास्तुशांतीला शेजारी आले नाहीत म्हणून चिडून आपण यातला कुठलाही शब्द फेकतो. तेव्हा निदान एवढं करावं: ते एकदाच आले नाहीत की कुठंच जात नाहीत, हे आठवून पाहावं.

आजार ओळखता न येणं

नेहमी माणसांत असणारा माणूस अचानक कोपरा धरतो, तेव्हा ‘हल्ली एकलकोंडा झालाय’ एवढं म्हणून थांबू नका. स्वभाव असा महिन्याभरात बदलत नाही. झोप गेली, जेवण सुटलं, आवडीच्या गोष्टींतून मन उडालं, कामावर जावंसं वाटेना, यांच्यासोबत माणसं टाळणं येत असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या घरांत पाणी शिरलं, दुकानं बुडाली, जनावरं गेली. अशा नुकसानीनंतर गप्प झालेल्या माणसाला स्वभावाचं लेबल लावणं फार निष्ठुर आहे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते; मराठीतही बोलता येतं. त्या माणसाला फोन करणं जमत नसेल तर घरच्यांनी करावा.

लहान मुलांत आणखी एक शक्यता असते. नाव घेतल्यावर बघत नाही, नजर देत नाही, बोट दाखवून मागत नाही, एकच कृती पुन्हा पुन्हा करतं, असं दिसलं तर ‘मोठं झालं की मिसळेल’ म्हणून वर्षं घालवू नयेत. ती स्वमग्नता (ऑटिझम) असू शकते, आणि बालरोगतज्ज्ञांना जितकं लवकर दाखवाल तितका फायदा.

बातमीदारांसाठीही दोन शब्द. गुन्ह्याच्या बातमीत “आरोपी एकलकोंडा होता, असं शेजाऱ्यांनी सांगितलं” हे वाक्य इतकं ठरावीक झालं आहे की त्यातून माहिती काहीच मिळत नाही. उलट गल्लीतल्या प्रत्येक गप्प पोराकडं संशयानं पाहायला लोक शिकतात. शेजाऱ्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं, तेवढंच लिहावं.

स्थळ सुचवताना

बायोडाटात ‘शांत व एकलकोंडा स्वभाव’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की मुलगा वाईट संगतीत नाही. वाचणाऱ्याला कळतं की हा कुणाशी बोलणार नाही. “मोजकेच मित्र आहेत, संध्याकाळी घरी असतो” असं सरळ लिहा.

रूपं आणि लेखन

इथं चुका ठरावीक आहेत. शब्द ‘ए’नं सुरू होतो, ‘ऐकलकोंडा’ आणि ‘ऐकटा’ ही दोन्ही रूपं चूक, कारण ‘ऐक’ म्हणजे कानानं ऐकणं. शेवटी ‘डा’ आहे, ‘ढा’ नाही.

शब्द लिंगाप्रमाणे बदलतो: एकलकोंडा मुलगा, एकलकोंडी मुलगी, एकलकोंडं मूल. अनेकवचनात एकलकोंडे मुलगे, एकलकोंड्या मुली, एकलकोंडी मुलं. ‘एकलकोंडे मुले’ हे छापील मजकुरातही दिसतं, पण जसं ‘चांगली मुले’, तसंच ‘एकलकोंडी मुले’. विभक्ती लागली की तिन्ही लिंगांत ‘एकलकोंड्या’ होतं: एकलकोंड्या मुलाला, एकलकोंड्या मुलीशी, एकलकोंड्या मुलांचं. ‘एकलकोंडी मुलीला’ असं लिहू नये.

भाववाचक नाम ‘एकलकोंडेपणा’. खोटा-खोटेपणा, मोठा-मोठेपणा, एकटा-एकटेपणा, त्याच ओळीत हे बसतं, ‘एकलकोंडापणा’ टाळावं. आणि ‘एकलकोंडं हाय’ हे बोलीतलं रूप बोलीत पूर्ण बरोबर आहे. गावाकडच्या माणसाचं म्हणणं अवतरणात देताना ते सुधारून ‘एकलकोंडे आहे’ करू नका, जसं बोललं तसंच छापा.